रंगीत ‘मुघल-ए-आझम’: डागडुजी उत्तम, रंगकाम अनाठायी

‘मुघल-ए-आझम’ या नावाने आज दोन चित्रपट पाहायला मिळतात. एक ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात झळकलेला, के. आसिफ यांनी दिग्दर्शित केलेला, बहुतांशी कृष्णधवल आणि १९७ मिनिटे चालणारा. दुसरा १२ नोव्हेंबर २००४ रोजी, ऐन दिवाळीत प्रदर्शित झालेला. त्याच चित्रपटाची चौकट न् चौकट (फ्रेम न् फ्रेम) संगणकावर रंगवून, त्याचे संगीत नव्याने वाजवून आणि लांबी १७७ मिनिटांवर आणून सिद्ध केलेला. दूरचित्रवाणीवर मला बहुतेक वेळा हा दुसराच लागलेला दिसला आहे आणि तरुण प्रेक्षकांपैकी अनेकांनी पाहिलेला ‘मुघल-ए-आझम’ हाच असतो. प्रस्तुत परीक्षण या रंगीत आवृत्तीचे आहे. कथा, संवाद आणि अभिनय यांविषयी साठ वर्षांत विपुल लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती येथे करायची नाही. जुना चित्रपट जतन करताना त्याला कितपत हात लावावा, या प्रश्नाला ही आवृत्ती कोणते उत्तर देते आणि ते मान्य करावे का, एवढेच पाहायचे आहे.

ज्याचे श्रेय त्याला आधी दिले पाहिजे. चित्रपटाला मूळ भांडवल पुरवले होते शापूरजी पालनजी मिस्त्री यांनी, आणि रंगीत आवृत्तीचा खर्चही त्यांच्याच उद्योगसमूहातील स्टर्लिंग इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनने उचलला. काम हाती घेतले तेव्हा निगेटिव्हची अवस्था वाईट होती. बुरशी चढली होती, काही चौकटींचे भाग नाहीसे झाले होते. चेन्नईच्या प्रयोगशाळेत निगेटिव्ह साफ करून प्रत्येक चौकट स्कॅन करण्यात आली, ओरखडे आणि डाग काढण्यात आले, गेलेला भाग शेजारच्या चौकटींच्या आधाराने भरून घेण्यात आला. संवादांचा ध्वनिपट अमेरिकेतील स्टुडिओत स्वच्छ करून घेतला गेला. आपल्याकडे मालक स्वतःच्या जुन्या चित्रपटाकडे पाहतही नाहीत, निगेटिव्ह गोदामात कुजते आणि कुणाला त्याची खंत नसते, अशा परिस्थितीत एवढा खर्च आणि एवढी चिकाटी दाखवणाऱ्यांविषयी आदरच वाटतो. झिजलेल्या प्रतींमध्ये जो चित्रपट सतत थरथरत आणि पाऊस पडल्यासारखा दिसत असे, तो येथे स्थिर आहे. पृथ्वीराज कपूर यांचा अकबर मुलासाठी नवस करायला तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत जातो, त्या प्रसंगात पाऊल रुतल्यावर सरकणारी वाळूही आता नजरेत भरते. डागडुजीचा हा भाग पूर्ण गुणांचा आहे.

काम येथेच थांबले असते तर हे परीक्षण चार ओळींत संपले असते. पण डागडुजी ही पूर्वतयारी होती. खरा प्रकल्प रंगाचा होता. त्यासाठी सुमारे शंभर जणांचा चमू उभारला गेला, ‘इफेक्ट्स प्लस’ नावाची संगणकप्रणाली विकसित करण्यात अठरा महिने गेले आणि प्रत्यक्ष रंगकामाला आणखी दहा महिने लागले. मूळ चौकटीतील राखाडी छटेशी जुळेल असाच रंग ही प्रणाली स्वीकारत असे. रंग मनाला येतील तसे दिलेले नाहीत, मुळातल्या छटांनीच ते सुचवले, असे या कामाचे समर्थन त्यावरून केले जाते. संग्रहालये पालथी घातली गेली, इतिहासतज्ज्ञांना विचारले गेले, मोगल दरबारातील वस्त्रांचे रंग अभ्यासले गेले, खुद्द दिलीपकुमार यांचा सल्ला घेतला गेला. हा सगळा खटाटोप प्रामाणिक होता यात शंका नाही.

तरीही त्यातील गृहीतक चुकीचे आहे. कृष्णधवल फिल्मवर रंग उतरत नाही, उतरतो तो उजेडाचा कमी-अधिकपणा. गडद लाल आणि गडद हिरवा या दोन कापडांची राखाडी छटा तंतोतंत एकच असू शकते. म्हणजे प्रणाली फार तर सांगू शकते की अमुक छटेच्या जागी हे पन्नास रंग बसतील आणि ते पन्नास बसणार नाहीत; बसणाऱ्यांतला नेमका कोणता, हे चव्वेचाळीस वर्षांनंतर कुणीतरी माणूसच ठरवतो. ते ठरवताना मोगल इतिहासाचा आधार घेतला गेला, पण कॅमेऱ्यापुढे अकबराचा दरबार नव्हता, मुंबईच्या मोहन स्टुडिओतला सेट होता. या चित्रपटासाठी कपडे शिवायला दिल्लीचे शिंपी, दागिन्यांना हैदराबादचे सोनार आणि मुकुटांना आपल्या कोल्हापूरचे कारागीर लावले होते, हे सर्वश्रुत आहे. ही सगळी मंडळी आणि छायाचित्रणकार आर. डी. माथूर ज्या फिल्मसाठी काम करत होती, ती कृष्णधवल होती. अशा फिल्मसाठी कापड निवडताना ते डोळ्यांना कसे दिसते यापेक्षा पडद्यावर कोणत्या करड्या छटेत उतरेल हे पाहिले जाते, आणि कोल्हापुरी मुकुटाचे काम असते चमकायचे. दिव्याच्या एका कोनात तो झळाळून उठतो आणि मान वळली की विझतो. रंगीत आवृत्तीत तो सदैव पिवळा आहे. झळाळी जाऊन पिवळेपणा आला, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

याचे तांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते एकदा कळले की रंगवलेला कोणताही जुना चित्रपट वेगळ्या नजरेने पाहिला जातो. रंगीत चित्रीकरणात निळ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या गुलाबी वस्त्रातील व्यक्तीला भिंतीपासून वेगळे काढण्याचे काम रंगच करतो. कृष्णधवल चित्रीकरणात ती सोय नसते. तेथे छायाचित्रणकाराला प्रत्येक व्यक्तीच्या मागे खांद्यावर, केसांवर, ओढणीच्या काठावर वेगळा दिवा टाकावा लागतो, मागची भिंत एक पायरी काळोखात ढकलावी लागते, चेहऱ्याची एक बाजू उजळून दुसरी सावलीत ठेवावी लागते. खोली, अंतर, पोत, वेळ, मनःस्थिती हे सगळे उजेड आणि सावली यांच्या भरवशावर उभे असते. अशा रीतीने आधीच पूर्ण झालेल्या चित्रावर रंगाचा थर आला की वेगळेपणाच्या दोन पद्धती एकमेकींवर चढतात. खांद्यामागचा तो दिवा, जो कृष्णधवल प्रतीत अनारकलीभोवती वलय उभे करत होता, तोच रंगीत प्रतीत कारणावाचून लावलेला, नाटकी दिवा वाटू लागतो. आपल्या गावोगावच्या जुन्या दगडी देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेला आपण पाहतो. पाथरवटाने टाकीच्या घावांनी उन्हासाठी आणि सावलीसाठी घडवलेली मूर्ती त्या गुळगुळीत थराखाली जशी बुजून जाते, तसेच येथे माथूर यांच्या प्रकाशयोजनेचे झाले आहे.

माणसांच्या कातडीच्या रंगाबाबत तर तडजोड लपतच नाही. खऱ्या चेहऱ्यावर एकच रंग नसतो. कपाळ, गाल, ओठांच्या कडा, डोळ्यांखालचा भाग या सगळ्यांत फरक असतो आणि भावना बदलली की तोही बदलतो. २००४ सालच्या रंगकामात चेहऱ्यांवर एकसारखा फिकट थर पसरलेला दिसतो. मधुबालाच्या चेहऱ्याच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे, कारण तुरुंगात साखळदंडांखाली वाकलेल्या अनारकलीचा सगळा अभिनय त्या चेहऱ्यावर आणि सभोवतालच्या काळोखावर तोललेला आहे.

सर्वांत बोलका पुरावा पुतळ्याच्या प्रसंगात सापडतो. शिल्पकाराचा पुतळा वेळेत पूर्ण होत नाही, म्हणून तो नादिराला, म्हणजेच पुढच्या अनारकलीला, पुतळ्याच्या जागी उभी करतो. सलीम बाण मारतो, पडदा सरकतो आणि दरबार संगमरवरी सौंदर्य पाहून थक्क होतो. कृष्णधवल प्रतीत आपणही दरबारासारखेच फसतो, कारण त्या माध्यमात उजळ कातडी आणि उजळ दगड एकाच छटेत येतात. तिचा श्वास आपल्याला हुडकावा लागतो. माध्यमाची जी मर्यादा म्हणायची, तीच येथे प्रसंगाचा प्राण आहे. रंग भरणाऱ्याला मात्र निर्णय घेणे भाग पडते: हा दगड आहे की माणूस आहे? कोणताही रंग दिला तरी ते उत्तरच ठरते, आणि प्रसंग तर त्या अनिश्चिततेवर रचलेला आहे.

निष्पक्षपणे हेही नोंदवायला हवे की काही ठिकाणी रंग सुसह्यच नव्हे तर प्रसन्न वाटतात. जन्माष्टमीच्या उत्सवातले ‘मोहे पनघट पे’ हे नृत्यगीत भरपूर उजेडात चित्रित झालेले आहे. तेथे रंग शोभतात आणि लहान मुले ते आनंदाने पाहतात. युद्धाच्या विस्तृत दृश्यांतही झेंडे आणि सैन्ये वेगवेगळी ओळखायला रंगाची मदत होते. परंतु ज्या प्रसंगांमुळे हा चित्रपट थोर ठरला, ते सगळे रात्रीचे, दालनातले, दिव्यांच्या उजेडातले आहेत. पडद्याआड तानसेन गातो, तेथे आवाज बडे गुलाम अली खाँ यांचा आहे, आणि सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो. त्या पिसाची पांढरी धार अंधारातून येते आणि अंधारात जाते. तेथे रंगाला करण्यासारखे काहीच नव्हते.

आता शीशमहालाकडे वळू, कारण या आवृत्तीविषयीचा माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. मूळ चित्रपटही पूर्ण कृष्णधवल नव्हता. ‘प्यार किया तो डरना क्या’ हे गाणे आणि शेवटची काही रिळे टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीत चित्रित झाली होती. शीशमहालाचा सेट उभारायला दोन वर्षे लागली, त्यासाठी बेल्जियमहून काच आणली गेली आणि तो तयार झाल्यावर कळले की आरशांवरून परावर्तित होणाऱ्या झोतांमुळे चित्रीकरणच अशक्य आहे. माथूर यांनी दिवे थेट न टाकता कापडाच्या पडद्यांवरून परतवून प्रकाश मऊ केला, तेव्हा कुठे ते जमले. एवढ्या सायासांनी मिळवलेले हे रंगीत दृश्य चित्रपटात कोठे येते, हे पाहावे. तोपर्यंत प्रेक्षकाने दोन तासांच्या आसपास काळोख, पहारे, कुजबुज आणि धाक यांचे करडे जग पाहिलेले असते. अनारकलीला बादशहासमोर, सलीमच्या डोळ्यांदेखत, प्रेम नाकारायचे आहे, आणि ती नाकारण्याऐवजी सगळ्या दरबारापुढे ते जाहीर करते. नेमक्या त्या गाण्याला पडदा रंगांनी उजळतो. छतावरच्या असंख्य आरशांत अनारकली दिसू लागते आणि अकबराला नजर ठेवायला जागा उरत नाही. कृष्णधवल आवृत्तीत ही केवळ देखणी चमत्कृती नाही. दासीने तोंड उघडले आणि राजवाड्याचा रंग बदलला, असा अर्थ त्या क्षणाला आपोआप प्राप्त होतो.

रंगीत आवृत्तीत प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून रंगच पाहत असतो, त्यामुळे शीशमहाल हा आणखी एक झगमगीत सेट होतो. गाणे तेच, नृत्य तेच, आरसे तेच. गेला तो फरक. आणि गंमत म्हणजे, नव्हे, खेदाची बाब म्हणजे, या भागात खरे टेक्निकलर असल्याने तेथले रंग भरीव आणि जिवंत आहेत, आणि आधीच्या दोन तासांचे संगणकी रंग त्यांच्याशेजारी अधिकच फिके पडतात. मूळ चित्रपटातील सर्वांत मोठा रंगीत क्षण रंगकामानेच नाहीसा केला, हे या प्रकल्पाच्या कर्त्यांच्या लक्षात आले नसेल असे मानणे कठीण आहे. पण संपूर्ण चित्रपट रंगीत करायचा म्हटल्यावर त्याला इलाज नव्हता, आणि म्हणूनच मुळात तो करायला नको होता.

यावर नेहमी एक उत्तर दिले जाते आणि ते हलके नाही. टेक्निकलरची पहिली रिळे पाहिल्यावर आसिफ यांना सगळा चित्रपट पुन्हा रंगीत चित्रित करायचा होता. वितरकांचा धीर सुटला होता आणि पैसा संपत आला होता म्हणून ते राहून गेले. तेव्हा रंगीत आवृत्ती म्हणजे दिग्दर्शकाच्या अपुऱ्या इच्छेची पूर्ती होय, असे म्हटले जाते. आसिफ यांची इच्छा खरी होती. पण त्यांना चित्रपट *पुन्हा चित्रित* करायचा होता. ते घडले असते तर माथूर यांनी प्रत्येक दालनाची प्रकाशयोजना नव्याने केली असती, कपड्यांचे रंग रंगीत फिल्मसाठी निवडले गेले असते, कदाचित पुतळ्याचा प्रसंगही वेगळ्या रीतीने रचला गेला असता. कृष्णधवलसाठी टाकलेल्या उजेडावर वरून रंग चढवा, असे आसिफ यांनी कुणाला सांगितलेले नाही, आणि ते सांगायला १९७१ नंतर ते हयातही नव्हते. दिवंगत कलावंताच्या एका अपूर्ण इच्छेचा आधार घेऊन त्याने पूर्ण केलेली कृती बदलणे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दिग्दर्शक हयात असला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’ या १९७१ सालच्या चित्रपटाचे रंग २००९ च्या ब्ल्यू-रे आवृत्तीसाठी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी स्वतः बदलून फिकट आणि थंड केले, तेव्हा त्याचे छायाचित्रणकार ओवेन रॉइझमन यांनी जाहीर निषेध केला आणि काही वर्षांनी नवी प्रत रॉइझमन यांना सोबत घेऊन काढावी लागली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘ई. टी.’च्या २००२ सालच्या आवृत्तीत पोलिसांच्या हातांतील बंदुका पुसून तेथे वॉकीटॉकी घातले होते. पुढे त्यांनाच ते रुचेना आणि २०१२ च्या ब्ल्यू-रेवर मूळ चित्रपटच परत आला. चित्रपट एकट्या दिग्दर्शकाचा नसतो आणि आजचा दिग्दर्शक चाळीस वर्षांपूर्वीचा दिग्दर्शक नसतो, या दोन्ही गोष्टी या उदाहरणांतून दिसतात.

संगीताचा भाग माझ्या मते अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथे मूळ संगीतकार नौशाद स्वतः सहभागी होते. त्यांनी आणि उत्तम सिंग यांनी पार्श्वसंगीत आणि गाण्यांचा वाद्यमेळ नव्याने ध्वनिमुद्रित केला. लता मंगेशकर, मोहम्मद रफी, बडे गुलाम अली खाँ यांचे आवाज जुन्या एकत्रित ध्वनिपटातून वेगळे काढून या नव्या वाद्यमेळात बसवले गेले. ऐंशी ओलांडलेल्या नौशाद यांनी हे काम मनापासून केले आणि परिणामही भव्य आहे. चांगल्या ध्वनियंत्रणेच्या चित्रपटगृहात तबल्याचा ठेका सर्व बाजूंनी येतो. तरीही हेडफोन लावून ऐकले की शिवण जाणवते. जुने आवाज आणि जुनी वाद्ये एकाच खोलीतल्या एकाच हवेत घुमत होती. आता वाद्ये स्वच्छ, रुंद आणि आजची आहेत, आणि मधोमध लताबाईंचा आवाज मात्र अरुंद दारातून येतो. ‘प्यार किया तो डरना क्या’मधील तो प्रसिद्ध घुमारा मिळवण्यासाठी त्या काळी स्टुडिओच्या न्हाणीघराचा उपयोग केला गेला, असे सांगितले जाते. तसल्या युक्त्यांतून त्या काळाचा एक नाद तयार झाला होता. तो नाद हा दोष समजून दुरुस्त केला गेला, हे खटकते. संवादांची मात्र केवळ सफाई झाली आहे आणि वजाहत मिर्झा, अमान, कमाल अमरोही व एहसान रिझवी यांचे शब्द अधिक स्पष्ट ऐकू येतात. त्याबद्दल तक्रार नाही.

कात्रीविषयी थोडक्यात: वीस मिनिटे कमी केल्याने वेग वाढला असेल, पण जतन करायला घेतलेल्या वस्तूचा दहावा भाग काढून टाकण्याला जतन म्हणता येत नाही.

हे सगळे करण्याचा मालकाला अधिकार आहे का? आपल्या कायद्यानुसार निर्विवादपणे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याची व्याख्या केलेली आहे. कलम ५७ खाली कर्त्याला आपल्या कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा जो विशेष अधिकार मिळतो, तोही त्यामुळे चित्रपटापुरता निर्मात्याकडेच जातो. दिग्दर्शकाला आणि छायाचित्रणकाराला त्यात जागा नाही. फ्रान्समध्ये मात्र जॉन ह्यूस्टन यांच्या वारसांनी ‘द अस्फाल्ट जंगल’च्या रंगीत आवृत्तीविरुद्ध लढा दिला आणि १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. आपल्याकडे ‘शोले’ची त्रिमितीय आवृत्ती जानेवारी २०१४ मध्ये आली तेव्हा दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी न्यायालयाचे दार ठोठावूनही ती थांबली नाही. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने सुखान्त करून ती पुन्हा प्रदर्शित झाली आणि दिग्दर्शक आनंद एल. राय निषेधापलीकडे काही करू शकले नाहीत. रंग चढवायला २००४ साली शंभर माणसे आणि दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता. आज तेवढेही लागणार नाही, आणि म्हणून हा प्रश्न आता जास्त तातडीचा झाला आहे.

दुसऱ्या बाजूला, चांगल्या कामाचे नमुनेही आपल्यासमोर आहेत आणि त्यांच्याशी तुलना केल्यावाचून या आवृत्तीचे मोल ठरत नाही. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळली होती. इटलीतील बोलोन्या येथील तज्ज्ञांनी ती ठिसूळ झालेली फिल्म पुन्हा लवचीक केली, हातांनी सांधली, जेथे काहीच उरले नव्हते तेथे इतर प्रतींचा आधार घेतला, आणि २०१५ साली जे पडद्यावर आले त्यात फिल्मचे बारीक कण जसेच्या तसे होते. ते कण पुसून टाकणे संगणकाला सहज शक्य होते. पण कण हाच त्या चित्राचा पोत आहे. तो घासून काढला की चेहरे मेणाचे दिसू लागतात, जसे ते जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘ट्रू लाइज’च्या अलीकडच्या फोर-के आवृत्तीत दिसतात.

‘शोले’च्याच बाबतीत फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी कुटुंबीयांसह केलेले काम २०२५ साली बोलोन्याच्या महोत्सवात आणि नंतर आपल्या चित्रपटगृहांत आले. मूळ निगेटिव्ह निकामी झालेली होती. इंग्लंडमधील गोदामात सापडलेल्या जुन्या रिळांचा आधार घेऊन, सत्तर मिलिमीटरच्या रुंद चौकटीसह, तो पुन्हा उभा केला गेला. त्यात शेवटही बदलला आहे: आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने नाकारलेला, ठाकूर गब्बरला ठार मारतो तो शेवट परत आला आहे. हा बदलही ‘मुघल-ए-आझम’च्या रंगांइतकाच आक्षेपार्ह नाही का, असे विचारता येईल. मला तसे वाटत नाही. तो शेवट रमेश सिप्पी यांनी त्याच कलावंतांना घेऊन, द्वारका दिवेचा यांच्या त्याच कॅमेऱ्यातून तेव्हाच चित्रित केलेला आहे. बाहेरून आणलेले त्यात काही नाही. एवढेच की माधव शिंदे यांनी संकलित केलेला आणि पन्नास वर्षे लोकांनी पाठ केलेला १९७५ चा शेवटही तितकाच जपला गेला पाहिजे, कारण मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे जो चालला तो ‘शोले’ हा होता.

मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटू नये. पुण्यात २००३ सालच्या जानेवारीत चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह आरंभीच्या काळातील अमूल्य प्रती गेल्या. जे उरले आहे ते आता राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून डिजिटल होऊ लागले आहे. उद्या प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ची डागडुजी करताना शेवटचे पुष्पक विमान ‘खरे’ वाटत नाही म्हणून कुणी ते संगणकावर नवे बनवायला घेईल, वर भंडारा डोंगराला हिरवा रंग देईल, आणि तीच प्रत शाळाशाळांतून दाखवली जाईल. तेव्हा कायदा काहीच म्हणणार नाही. म्हणायचे असेल तर प्रेक्षकांनीच म्हणायला हवे, आणि ते आधी म्हणायला हवे.

माझी मागणी रंगीत ‘मुघल-ए-आझम’ मागे घ्या अशी नाही. त्या आवृत्तीमुळे हजारो तरुण चित्रपटगृहात गेले आणि मधुबालाला त्यांनी मोठ्या पडद्यावर पाहिले, ही गोष्ट खरी आहे. मागणी इतकीच आहे की रंग चढवण्यापूर्वी निगेटिव्ह साफ करून, चौकट न् चौकट सुधारून जी कृष्णधवल अवस्था तयार झाली असणार, ती पूर्ण लांबीची, मूळ मोनो ध्वनिपटासह, शीशमहालाच्या आणि अखेरच्या भागाच्या टेक्निकलरसह, आजच्या उत्तम दर्जात चित्रपटगृहांत आणि घरी उपलब्ध व्हावी; आणि रंगीत आवृत्तीच्या आरंभी ती २००४ सालची रंगवलेली, कापलेली आणि नव्या संगीताची आवृत्ती आहे असे ठळक अक्षरांत लिहिले जावे. सर्वांत कष्टाचे आणि खर्चाचे काम तर होऊन गेलेले आहे.

डागडुजीला पाचपैकी पाच, संवादांच्या सफाईला चार, नव्या संगीताला अडीच, रंगकामाला दीड, आणि कात्रीला शून्य, असे गुण मी या आवृत्तीला देईन. ज्यांनी हा चित्रपट अद्याप पाहिलेला नाही त्यांनी सुरुवात रंगीत आवृत्तीने करू नये. शीशमहालाचा तो पहिला धक्का एकदाच बसतो आणि तो रंगीत आवृत्तीत खर्ची पडतो. ज्यांनी मूळ चित्रपट पाहिला आहे त्यांनी स्वच्छ झालेले तपशील निरखण्यासाठी ती अवश्य पाहावी, आणि दूरचित्रवाणी संचाची रंगाची पातळी शून्यावर आणून पुतळ्याचा प्रसंग तरी पुन्हा पाहावा. निवडताना मुखपृष्ठावर विसंबू नये, कारण रंगीत चित्रे दोन्हींवर छापलेली असतात. लांबी पाहावी: तीन तासांहून सतरा मिनिटे जास्त असेल तर तो आसिफ यांचा, तीन तासांना तीन मिनिटे कमी असतील तर तो २००४ सालचा.